शाळेत हत्यार कोणाच्या हाती?

सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ काम शिकावे, असे २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण सांगते. बुलडाणा जिल्ह्यातल्या आमच्या काही पालकांना यात धोका दिसतो. वाचकहो, ही शंका उगाच नाही.

१९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी अर्धा वेळ शाळा आणि उरलेल्या वेळात बापाचा धंदा, अशी योजना आणली. बाप चपला शिवतो म्हणून पोरानेही चपलाच शिवायच्या! पेरियारांनी रान उठवले. १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले, कामराजांनी योजना रद्द केली.

पण म्हणून हत्यारच नको, असे आम्ही म्हणणार नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. तिथला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय पुढे शालान्त मंडळानेही स्वीकारला. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य, हे चारही भाग एकाच मुलाने शिकायचे. मुलगी वेल्डिंग करते, मुलगा स्वयंपाक करतो. वस्तू करण्याआधी तिचे रेखाचित्र काढायचे, खर्च मांडायचा. म्हणजे गणितही आलेच. इथे जात विचारायला जागाच उरत नाही.

तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जा. मुलींना शिवण आणि मुलांना वायरिंग अशी वाटणी दिसली, तर तिथेच उभे राहून हरकत घ्या.