विजया : औषध की नशा?

शार्ङ्गधरांनी व्यवायी द्रव्याचे उदाहरण म्हणून जिचा उल्लेख केला, ती भांग अर्थात विजया हाताळण्यास आजचा वैद्य कचरतो. कायद्याविषयीचा संभ्रम हे त्याचे प्रमुख कारण होय.

१९८५ च्या केंद्रीय एनडीपीएस कायद्याने फुलोऱ्याच्या शेंड्यांस गांजा मानले. शेंड्यांविना असलेली पाने व बिया वगळल्या. पानांचा प्रश्न राज्यांकडे राहिला. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये भांगही मादक द्रव्यच ठरते. त्यामुळे उत्तर प्रदेशात सरकारमान्य दुकानात मिळणारी भांग मालवणात विनापरवाना बाळगणे गुन्हा होतो. दुसरीकडे, औषधनियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये भांगेचा समावेश असून, जातीफलादी चूर्णासारखे कल्प वैद्यकीय देखरेखीत घेण्याचा इशारा लेबलावर बंधनकारक आहे.

कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये औषधी वापरास व २०१६ मध्ये करमणुकीच्या वापरासही मान्यता दिली. औषधाच्या दारातून नशा आत येते, हा प्रशासनाचा संशय अशा उदाहरणांनी बळावतो. गोव्याच्या सीमेवरील आपल्या जिल्ह्यात तर तो अधिकच. म्हणून नशेच्या मुक्ततेची मागणी आपल्या मागणीत मिसळू देऊ नये.

ग्रहणीच्या रुग्णास विजयाकल्प देताना परवानाधारक उत्पादकाचे बिल, बॅच क्रमांक व रुग्णनोंद ठेवावी. औषधविक्रेत्यांनी चिठ्ठीविना तो देऊ नये. शासनानेही औषधी भांगेच्या परवान्याची पद्धत सुस्पष्ट मराठीत प्रसिद्ध करावी. शास्त्रोक्त द्रव्य केवळ भीतीपोटी विस्मृतीत जाणे रुग्णहिताचे नाही.