दारूचे दुकान सरकारी की खासगी? आधी ते बंद कोण करणार ते सांगा!

दारूच्या सरकारी दुकानांचे खासगीकरण म्हटले की आपली काही तरुण मंडळी लगेच "सार्वजनिक क्षेत्र वाचवा" म्हणतात. बाबासाहेबांनी 1947 साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये प्रमुख उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीची असावी असे मांडले. दारूचा गुत्ता त्यात नव्हता. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात तर त्यांनी आपल्याला दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. संविधानाचे कलम 47 सुद्धा राज्याला दारूबंदीच्या दिशेने जायला सांगते. त्यामुळे सरकारी दारू दुकान हा आपला अभिमान असूच शकत नाही.

तरीही माझा खासगीकरणाला विरोध आहे.

आंध्र प्रदेश पाहा. 2019 मध्ये तिथे सरकारने दुकाने ताब्यात घेतली. अनोळखी ब्रँड, चढे दर, घोटाळ्याचे आरोप, सगळे झाले. पण 2024 मध्ये त्यावर उपाय काय काढला? 3,396 दुकानांची सोडत! परत न मिळणारे 2 लाख रुपये भरून सुमारे 90 हजार अर्ज आले. एवढे पैसे ओतणारा माणूस ते वसूल कोणाकडून करणार? मजुराच्या रोजीतूनच ना?

वर ताडी काढणाऱ्या जातींना 10 टक्के दुकाने राखीव. जातीचा धंदा त्याच जातीच्या गळ्यात पुन्हा बांधायचा आणि त्याला सामाजिक न्याय म्हणायचे! त्यांच्या मुलांना शिक्षण, जमीन, नोकरी द्या की.

आता तामिळनाडू. तिथे विक्री सरकारी महामंडळाकडे आहे. सरकार त्यातून बक्कळ कमावते, हे खरेच. पण 2016, 2017 आणि 2023 मध्ये प्रत्येक वेळी 500 दुकाने सरकारी आदेशाने बंद झाली. आपल्या महाराष्ट्रात परवाना खासगी आहे, म्हणून एक दुकान हटवायला बायाबापड्यांना सह्या गोळा कराव्या लागतात, बाटली आडवी करण्यासाठी मतदान घडवून आणावे लागते आणि वर परवानाधारकाशी कोर्टात भांडावे लागते.

सरकारी दुकान आदेशाने बंद होते. खासगी दुकानाला मालक असतो, वकील असतो, आमदार असतो. फरक एवढाच, पण वस्तीसाठी तो मोठा आहे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी: खासगीकरण नको, दरवर्षी दुकाने कमी करा आणि वस्तीतले दुकान बंद करण्याचा अंतिम अधिकार तिथल्या महिलांना द्या.

जय भीम!