मधला ओटा आणि समोरचा माणूस

स्वयंपाकघराच्या मधोमध, कोणत्याही भिंतीला न टेकता उभ्या राहणाऱ्या ओट्याला आपल्याकडे अजून धड नाव मिळालेले नाही. नकाशात तो 'आयलंड' असतो. कोणी हौसेने त्याचे 'बेट' करतो. गवंड्याला समजावून सांगताना मात्र आपण सारेच 'मधला ओटा' म्हणून मोकळे होतो. आम्हांस हे तिसरे नाव पसंत आहे, कारण त्यात वस्तूचे काम स्पष्ट दिसते. तरीही 'बेट' हा शब्द अगदीच टाकाऊ नाही. मराठीत समुद्रातले बेट असते तसे बांबूचेही असते. पहिल्याच्या चहूकडे पाणी आणि एकटेपणा. दुसऱ्यात एकमेकांना लागून उभी असलेली दाटी. घरातला मधला ओटा या दोहोंपैकी कोणते बेट होणार, हे त्याचा आकार आणि माप ठरवतात. म्हणून हा विषय केवळ सजावटीचा आहे असे आम्ही मानत नाही.

डहाणू तालुक्यात समुद्रकाठाने चिंचणीहून वाढवणकडे जाताना वरोर लागते. मासेमारी करणारे गाव. अशा गावातल्या जुन्या घरांत स्वयंपाकघराचा मध्य रिकामा असे आणि त्या रिकाम्या जमिनीवरच सारे काम चाले. विळी पायाखाली दाबून एकजण मासळी कापते आहे, दुसरी कोलंबी सोलते आहे, सासू नारळ खवते आहे, पोर लसूण निवडते आहे. सगळ्यांची तोंडे एकमेकींकडे. या बसकामाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. गुडघे आणि कंबर यांची त्यात झालेली झीज पुरुषांनी क्वचितच मोजली. पण त्या जमिनीत एक गुण होता: काम करणाऱ्यांना एकमेकांचे चेहरे दिसत.

पुढे उभ्याचा ओटा आला आणि पाठीला थोडा आराम मिळाला. मात्र त्याच्याबरोबर आणखीही एक गोष्ट आली. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी १९२६ साली फ्रांकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी जे स्वयंपाकघर रेखाटले, ते जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होते. बाईची पावले वाचावीत, वेळ वाचावा, हा त्यामागचा हेतू प्रामाणिक होता. पण ती खोली एकाच माणसापुरती होती. आपल्या शहरी सदनिकांनी, आणि त्यांचे पाहून गावच्या नव्या घरांनीही, हीच एकटी खोली उचलली. दोन फूट खोलीचा ओटा, वर फळ्या, समोर फरशीची भिंत. बाई उभी राहिली खरी, पण भिंतीकडे तोंड करून. घरातली सारी बोलणी तिच्या पाठीमागे होऊ लागली.

मधल्या ओट्याच्या बाजूने आमचे म्हणणे एवढेच आहे, की तो हे तोंड पुन्हा फिरवू शकतो. 'ही परदेशी थेरे आपल्याला कशाला?' असे विचारणाऱ्यांनी भिंतीकडचा ओटाही आपला पिढीजात नव्हे, हे ध्यानात घ्यावे. मात्र तोंड फिरवणे हे ओट्याच्या नुसत्या अस्तित्वाने साधत नाही. पुष्कळ ठिकाणी एका बाजूला बाई उभी आणि दुसऱ्या बाजूला उंच स्टुलांवर बाकीचे घर चहाची वाट पाहत बसलेले, असे दृश्य दिसते. हे हॉटेलचे गल्ले झाले. जुनीच वाढपाची रीत ग्रॅनाइटवर चढली, इतकेच. म्हणून आमची कसोटी सरळ आहे: समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन माणसांचे चारही हात एकाच वेळी कामात राहू शकतील, तोच मधला ओटा योग्य.

ही कसोटी लावली की आकाराचा प्रश्न बराच सुटतो. गोल ओटा बोलायला छान, पण त्याच्या पोटात खण नीट बसत नाहीत आणि दगडही वाया जातो. मोठा चौरस चित्रात भारदस्त दिसतो. पण माणसाचा हात सुखाने दोन फुटांपर्यंत पोहोचतो, त्यामुळे चार फुटांहून अधिक रुंदी झाली की मधला पट्टा कोणाच्याच कामाचा राहत नाही. तिथे मग फळांची परडी आणि वर्तमानपत्रे साचतात. दोन पातळ्यांचा ओटा, ज्यात बसणाऱ्यांकडची कड मुद्दाम उंच करून पसारा झाकलेला असतो, तो तर आम्हांस साफ अमान्य आहे. ती कड म्हणजे पुन्हा भिंतच. उरतो लांबट आयत. अडीच ते तीन फूट रुंद, चार ते पाच फूट लांब, कोपरे गोलाई दिलेले. समोर बसून निवडटिपण करायचे असेल, तर त्या बाजूने दगड सव्वा फूट पुढे काढावा, म्हणजे गुडघे आत जातात. आणि माणशी दोन फूट लांबी धरावी.

आता खोलीचा हिशेब. भिंतीकडचा ओटा दोन फूट, मधली वाट साडेतीन फूट, मधला ओटा अडीच फूट, पलीकडे उभे राहायला तीन फूट; बेरीज अकरा फूट. म्हणजे अकरा फुटांहून अरुंद खोलीत पक्का मधला ओटा घालणे हा हट्ट ठरेल. वाटेची ही साडेतीन फुटे चोरून ओटा वाढवण्याचा मोह अनेकांना होतो. पण हातात उकळत्या कालवणाचे पातेले असताना मागून दुसरे माणूस जाऊ शकले नाही, तर दोघांनी काम करण्याची गोष्टच संपली. खोली लहान असेल तर कुलूप लागणाऱ्या चाकांचे भक्कम टेबल घ्यावे. कमीपणा मानू नये.

मापाचा प्रश्न या किनाऱ्याला नवा नाही. वाढवण बंदरासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालण्याच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मान्यता दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणीही झाली. ज्यांची जाळी त्या पाण्यात पडतात, त्यांच्यापैकी अनेकांचा विरोध त्याआधीपासूनचा आहे. समुद्राचे माप दुसऱ्यांनी ठरवले, ही तक्रार इथे घरोघर ऐकू येते. मग ज्या जागेचे माप पूर्णपणे आपल्या हाती आहे, तिथे आपण घरातल्या राबत्या माणसाला विचारतो का? ओट्याची उंचीच पाहा. अमेरिकेत छत्तीस इंचांचा प्रघात आहे आणि छापील चित्रांबरोबर तोच इथे येतो. पाच फूट उंचीच्या बाईचे कोपर जमिनीपासून सुमारे अडतीस इंचांवर असते. चिरण्यासाठी ओटा कोपराखाली चार इंच, म्हणजे चौतीस इंचांच्या आसपास बरा. आणि तांदळाच्या भाकरीचे पीठ मळायला, जिथे अंगाचा भार खाली द्यायचा असतो, तिथे आणखी तीन-चार इंच उतरावे लागते. छत्तीस इंचांवर मळणारीचे खांदे रोज वर ओढले जाणार, आणि दोष मात्र तिच्या वयाला दिला जाणार. तेव्हा गवंड्याने टेप लावण्याआधी तिच्या कोपराचे माप घ्यावे. सासूला उभे राहवत नसेल, तर ओट्याचे एक टोक खुर्चीच्या उंचीला जुळेल असे, एकोणतीस-तीस इंचांवर ठेवावे.

समुद्रकाठी आणखी दोन पथ्ये आहेत. खाऱ्या हवेत साधे प्लायवुड फुगते आणि लोखंडी बिजागऱ्या गंजतात. म्हणून पोटात विटांचे बांधकाम आणि कडाप्प्याच्या फळ्या हाच शहाणपणा. वर संगमरवर नको, लिंबू-चिंचेने त्यावर डाग उठतात. दुसरे, मधल्या ओट्यावर चूल आणि मासळी धुण्याची मोरी यांचा अट्टहास धरू नये. शेगडी भिंतीशीच बरी, तिथे धूर बाहेर जातो आणि फोडणी समोरच्याच्या तोंडावर उडत नाही. मासळी मागीलदारी धुवावी. मोरी हवीच असेल, तर सांडपाण्याचा नळ आणि त्याचा उतार फरशी बसण्यापूर्वी ठरवावा लागतो. मागाहून जमीन फोडावी लागेल.

यावर कोणी म्हणेल, की शेगडी भिंतीशी राहिली तर तोंड पुन्हा भिंतीकडेच. खरे आहे, पण रांधण्यात आचेसमोरचा वेळ थोडा असतो. निवडणे, सोलणे, चिरणे, वाटणे, मळणे यांतच दिवस जातो. नेमकी हीच कामे मधल्या ओट्यावर आली, तर ती दुसऱ्याच्याही हाती जाऊ शकतात, आणि आमच्या मते मधल्या ओट्याचे खरे मोल यातच आहे.

म्हणून बांधण्यापूर्वी मोकळ्या जमिनीवर चुन्याने आयत आखावा. त्या मापाचे टेबल आठ दिवस तिथे ठेवावे आणि घरातल्या पुरुषांनी रोज त्याच्या एका बाजूला उभे राहून कांदा चिरावा. आठ दिवसांनी दुसरी बाजू रिकामीच राहते आहे असे दिसले, तर दगडाची ऑर्डर देण्याची घाई नको. त्या घरात ओट्याच्या मापाआधी दुसरे काही ठरायचे राहिले आहे.