आधी नंबर, मग इंजिन

जुन्या गाड्यांचा विषय निघाला की मराठवाड्यात अजूनही निजामाची पिवळी रोल्स-रॉइस आठवते, आणि गोठ्याशेजारी चाकं बसलेली जीप भंगारात जमा होते. नियमाला मात्र थाटाशी देणंघेणं नाही. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. म्हणजे १९७० च्या सुमाराची महिंद्रा जीप, कुर्ल्याची फियाट किंवा अँबेसेडर मार्क टूसुद्धा त्यात बसू शकते. म्हणून अशी गाडी पाहायला जाताना ‘इंजिन चालू होईल का’ हा आपला नेहमीचा पहिला प्रश्न शेवटी ठेवावा.

आधी तिची ओळख पटवावी. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. पन्नाशी ओलांडलेल्या गाडीवर हिंगोलीच्या एमएच-३८ ची पाटी असेल तर तो नंबर नंतरचा, मूळ कागद परभणीत किंवा आणखी कुठे शोधावे लागणार. जीपची गोम वेगळी. पेट्रोल परवडेना म्हणून कित्येक जीपांत डिझेल इंजिन बसलं. जुन्या पेट्रोल इंजिनाचा नंबर पुढे, पाण्याच्या पंपाजवळच्या उंचवट्यावर ठोकलेला असतो. तिथलं ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसून तो आरसी बुकाशी ताडावा. डॅशबोर्डवरच्या पट्टीवर विसंबू नये. चार रिबिटी काढल्या की ती बदलते. मग पत्रा. जीपला स्वतंत्र चेसिस असते, सडलेली बॉडी बोल्ट काढून उचलता येते. फियाट-अँबेसेडरला ती सोय नाही, तिथे पत्राच सगळा भार पेलतो. दाराखालच्या पट्टीत स्क्रूड्रायव्हर सहज शिरला तर प्रकरण महागाचं. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी भरलेली समजावी. आपल्याकडे कोकणासारखी खारी हवा नाही, म्हणून टप आणि बॉनेट बरे दिसतात; पण काळ्या मातीत रुतलेली गाडी पावसाळाभर ओल धरते, तेव्हा आडवं पडून खालून बघण्याला पर्याय नाही. एवढं निभावलं तर जाम इंजिनाची धास्ती नको. प्लग काढून आत तेल सोडून ठेवलं की अनेकदा ते हँडलला फिरतं.

ही श्रीमंतांची हौस आहे, हळद-सोयाबीनच्या भावाची चिंता असलेल्या जिल्ह्याला तिचं काय, असं कोणी म्हणेल. डागडुजी महागच आहे. नव्या व्हिंटेज नोंदणीचं शुल्कच २०,००० रुपये, आणि गाडी रोज वापरायची मुभा नाही. पण तपासणीला रॉकेल, चुंबक आणि अर्धा दिवस पुरतो, आणि खर्चातून वाचवते तीच. बहुतेक गाड्या नापास होतील, होऊ द्याव्यात. त्यांची दारं-काचा दुसऱ्या गाडीला लागतील. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: डिझेल बसवलेली जीप हाच ग्रामीण महाराष्ट्राचा खरा इतिहास, मग तिला बाद का करायचं? इथे नियम तोकडा पडतो. इंजिनबदल त्याच काळात होऊन आरसी बुकात रीतसर चढवलेला असेल, तर अशा जीपला व्हिंटेज नोंदणी मिळायला हवी. कागदावर नसलेल्या बदलाला मात्र ही सूट नको.