अथेन्सची यादी आणि आपले दाखले

मतदार याद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणामुळे 'तुम्ही इथलेच कशावरून?' हा प्रश्न पुन्हा घरोघरी पोहोचला आहे. त्याआधी आसाममध्ये 31 ऑगस्ट 2019 रोजी प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय नागरिक नोंदणीच्या अंतिम यादीतून 19 लाखांहून अधिक लोक वगळले गेले. लोकशाहीत हा प्रश्न नवा नाही. पाठ्यपुस्तके जिला लोकशाहीची जन्मभूमी म्हणतात, त्या अथेन्समध्येही तो विचारला गेला होता.

इ.स.पू. 451 मध्ये पेरिक्लिसच्या प्रस्तावावरून तिथे कायदा झाला: आई आणि वडील दोघेही अथेन्सचे असतील तरच अपत्य नागरिक. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांना 'मेटिक' म्हणत. त्यांनी सैन्यात लढायचे, पुरुषाने वर्षाला 12 द्राख्मा कर भरायचा. पण मत नाही आणि जमीन घेण्याचा हक्कही नाही. तत्त्ववेत्ता अॅरिस्टॉटल अथेन्समध्ये मेटिकच होता. गुलामांना आणि स्त्रियांना तर सभेत स्थानच नव्हते. पुढे पेरिक्लिसची औरस मुले साथीत दगावली, तेव्हा परदेशी अस्पासियापासून झालेल्या त्याच्या मुलाला मात्र खास अपवाद करून नागरिकत्व दिले गेले.

इ.स.पू. 346 च्या सुमारास अथेन्सने सर्व याद्या तपासायला काढल्या. प्रत्येक वस्तीतील नागरिकांनी एकेका नावावर मतदान करायचे. नाव कापले गेले तर न्यायालयात दाद मागता येई. पण तिथे हरल्यास गुलाम म्हणून विक्री होई. हालिमूस वस्तीतील युक्सिथियसचे नाव असेच कापले गेले. डेमोस्थेनिसच्या नावावर असलेले त्याचे बचावाचे भाषण आजही उपलब्ध आहे. तो सांगतो की, मतदान मुद्दाम अंधार पडेपर्यंत लांबवले गेले आणि बहुतेक लोक घरी गेल्यावर उरलेल्या विरोधकांनी डाव साधला. आणि आरोप काय? आई बाजारात फिती विकते, तिने दाई म्हणून दुसऱ्याचे मूल पाजले आणि वडिलांची बोली परकी वाटते! वडील युद्धात कैद होऊन परमुलुखात विकले गेले होते, म्हणून बोली बदलली. म्हणजे गरिबी आणि कष्ट हाच परकेपणाचा पुरावा ठरवला गेला.

मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात भगवान बुद्ध योन म्हणजे ग्रीकांचेच उदाहरण देतात: तिथे मालक आणि दास असे दोनच वर्ग आहेत, मालकाचा दास होतो, दासाचा मालक होतो. जन्माने ठरवलेला दर्जा निसर्गाचा नसून माणसांनी बनवलेला आहे, हे त्यांना दाखवायचे होते. यादीतून नाव कापल्यावर विकला जाणारा अथेन्सचा नागरिक याचीच साक्ष देतो.

आपल्या संविधानाने सुरुवातीला जन्मभूमीला मोठे स्थान दिले. 2003 च्या दुरुस्तीनंतर, 3 डिसेंबर 2004 पासून, भारतात जन्मलेल्यांसाठी नागरिकत्वाची अट आणखी कडक झाली. एक पालक नागरिक हवा आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. आपण अथेन्सच्या दिशेने सरकलो आहोत. याची झळ कोणाला बसेल? वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही पाहतो: आजोबांच्या दाखल्यावर एक आडनाव, नातवाच्या दाखल्यावर दुसरे, ऊसतोडीच्या फडावर जन्मलेल्या मुलाची नोंदच नाही.

म्हणून तरुणांनो, दोन कामे हाती घेऊ. बुद्धविहारात कागदपत्रांची शिबिरे भरवू, नावे-आडनावे जुळवून घेऊ. आणि त्याच वेळी ठामपणे विचारू: या मातीत राबणाऱ्यानेच दरवेळी आपण इथले असल्याचे का सिद्ध करायचे?