ठराववही कोणाच्या हाती?

लोकशाहीचा विचार करताना आपली दृष्टी स्वभावतःच वर जाते. संसद, विधानसभा, मंत्रिमंडळ, निवडणुकांचे निकाल यांवर आपण तासन्‌तास चर्चा करतो. परंतु नळाला पाणी का आले नाही, स्मशानाकडे जाणारी वाट पावसाळ्यात का बुडते, खांबावरचा दिवा पंधरा दिवस का बंद आहे, या प्रश्नांची उत्तरे दिल्लीत किंवा मुंबईत मिळत नाहीत. ती ग्रामपंचायतीच्या लोखंडी कपाटात, तिच्या कीर्दीत आणि ठराववहीत असतात. ते कपाट उघडून पाहण्याचा कंटाळा हा आपल्या सार्वजनिक जीवनाचा एक मोठा दोष आहे, आणि त्याचे मोल सर्वांत अधिक मोजावे लागते ते चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या वनप्रदेशातील माणसाला.

येथे दिव्याचेच उदाहरण घ्या. पुण्या-नागपुरात रस्त्यावरचा दिवा गेला तर गैरसोय होते. ताडोबाच्या परिसरात किंवा ब्रह्मपुरीच्या जंगलालगत, जिथे वाघ गावाच्या वेशीपर्यंत येतो, तिथे दिवाबत्ती हा माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो. गावच्या विहिरीत वेळेवर ब्लिचिंग पावडर पडली की नाही, यावर पावसाळ्यात किती मुले अंथरूण धरतील हे ठरते. घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत ज्याचे घर नाही, त्याला घरकुलापासून वीजजोडणीपर्यंत प्रत्येक दारात थांबावे लागते. ही कामे क्षुल्लक दिसतात; परंतु सामान्य माणसाच्या आयुष्यातले राज्य ते हेच.

परदेशातील एक उदाहरण

इंग्लंडमध्ये १८९४ च्या कायद्याने ग्रामीण भागात निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिली स्थापन झाल्या आणि गावाचा लौकिक कारभार चर्चच्या व्यवस्थेपासून वेगळा झाला. आज तिथे अशा सुमारे दहा हजार स्थानिक परिषदा आहेत. त्यांचे काम काय? पायवाटा, दफनभूमी, बसथांब्याचा निवारा, मुलांचे मैदान, भाजीपाल्यासाठी भाड्याने द्यायच्या जमिनीचे तुकडे. गावात नवे बांधकाम व्हायचे असेल तर त्या आपले मत कळवतात. निर्णय मात्र वरची परिषद घेते. अधिकार थोडे, परंतु त्या स्थानिक करातील आपला वाटा स्वतः ठरवतात. वर्षातून एकदा, १ मार्च ते १ जून यांदरम्यान, गावातील सर्व मतदारांची सभा भरते आणि तिथे कोणताही मतदार बोलू शकतो. या व्यवस्थेचे बळ तिच्या अधिकारांत नाही. ते सव्वाशेहून अधिक वर्षे न चुकता इतिवृत्त लिहिण्याच्या आणि हिशेब मांडण्याच्या सवयीत आहे.

ही सवय आपल्याला परकी आहे काय? मुळीच नाही. तमिळनाडूतील उत्तरमेरूर येथील दहाव्या शतकातील चोळकालीन शिलालेख प्रसिद्ध आहे. गावाच्या समित्यांवर कोणाची निवड व्हावी, याचे तपशीलवार नियम त्यात कोरलेले आहेत. त्यांतील एक नियम आजही प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा असा आहे: ज्याने पूर्वी समितीवर राहून हिशेब दिला नाही, तो आणि त्याचे निकटचे नातलग निवडीस अपात्र. चार्ल्स मेटकाफने १८३० मध्ये भारतीय खेड्यांना छोटी प्रजासत्ताके म्हटले, याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. त्या अभिमानासोबत हिशेबाची ही कठोर शिस्तही आपण वारसा म्हणून स्वीकारली पाहिजे.

अधिकार आहेत, पण बैठक कुठे आहे?

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर आपल्या वनप्रदेशातील ग्रामसभेपुढे इंग्लंडची पॅरिश कौन्सिल अगदीच दुबळी ठरेल. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी, गौण खनिजाबाबत शिफारशीचा अधिकार आणि विकासयोजनांना मान्यता देण्याचा हक्क दिला. गडचिरोली जिल्ह्याचा मोठा भाग आणि चंद्रपूरच्या राजुरा भागातील गावे या क्षेत्रात येतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनांच्या रक्षणाचा व व्यवस्थापनाचा अधिकार गावाकडे आला. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ मध्ये आले. एखाद्या टोल्यालाही स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळवण्याची वाट त्यांनी मोकळी केली. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातील नियमगिरीचा प्रश्न तेथील ग्रामसभांपुढे ठेवला, तेव्हा बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला आणि तो नकार टिकला. ग्रामसभेच्या ठरावाचे वजन काय असते, हे त्या दिवशी देशाने पाहिले.

मग प्रत्यक्षात अनेक गावांत ग्रामसभा ओस का पडते? आळस आणि अज्ञान ही ठरीव उत्तरे पुरेशी नाहीत. ग्रामसभांच्या रूढ तारखाच पाहा: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. राष्ट्रीय दृष्ट्या त्या मंगल आहेत. पण जंगलाचे पंचांग निराळे आहे. १ मे म्हणजे तेंदूपानांचा भर. पहाटे अंधारात सगळे कुटुंब जंगलात जाते, दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधते आणि संध्याकाळी फळीवर मोजून देते. वर्षभराची रोख कमाई त्या काही दिवसांत व्हायची असते. १५ ऑगस्टला धानाची रोवणी नुकती आटोपत असते किंवा चालू असते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. म्हणजे चारपैकी दोन सभा अशा वेळी येतात की, कष्टकरी माणसाने यावे तरी कसे?

येथेच एक पळवाट निर्माण होते. सर्वसाधारण ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतील कमी असेल तितकी. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन राहत नाही. मग दहा-बारा माणसांत ठराव होतात, घरोघरी वही फिरवून सह्या व अंगठे घेतले जातात, आणि कागदावर सारे गाव हजर होते. भ्रष्टाचाराचा आरंभ पैशाच्या अपहारापासून होतो असे आपण समजतो. गावात तो फार आधी, या फिरत्या वहीपासून होतो.

मेंढा आणि पाचगाव

याच भूमीत याहून वेगळे घडू शकते, हे धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाने दाखवून दिले आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा महाराष्ट्रभर पोहोचली. तिच्यामागचे रोजचे काम मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. देवाजी तोफा यांच्यासारखे गावातील जाणते आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरून आलेले साथी यांनी अभ्यासगट चालवले. एखादा कायदा, एखादा विषय घ्यायचा, त्यावर बसून बोलायचे, समजून घ्यायचे. निर्णय अभ्यासगटाने नव्हे, ग्रामसभेने घ्यायचा. आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. एकाचीही हरकत असेल तर विषय पुढच्या बैठकीवर. बाहेरच्या माणसाला ही पद्धत संथ वाटेल. पण ज्या निर्णयाला सगळ्यांनी होकार दिला, तो मोडायला गावात कोणी उरत नाही.

२००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू बाहेर नेण्याचा परवाना वनखात्याच्याच हाती होता. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. एक साधे पुस्तक. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी बांबू तोडण्याची मजुरीच केली, ते त्या दिवशी बांबूचे विक्रेते झाले. पुढे २०१३ मध्ये १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली गावाने आपली शेतजमीनही ग्रामसभेच्या स्वाधीन केली.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावची कथा तितकीच बोधप्रद आहे. २०१२ मध्ये या छोट्या गावाला सुमारे हजार हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. गावाने बांबूतोडीचे स्वतःचे नियम लिहून काढले आणि जंगलाचा एक भाग देवराई म्हणून राखला. विशेष म्हणजे तेंदूपानांसाठी झाडे छाटली जातात आणि आगी लागतात, म्हणून हातची कमाई सोडून तेंदू तोडायचाच नाही असेही ठरवले. पर्यावरणावर व्याख्याने देणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी आपल्या उत्पन्नाचा असा एखादा भाग सोडला आहे?

हिशेब हीच खरी कसोटी

अशा गावांच्या यशाने आनंद होतो, पण जबाबदारीही वाढते. अनेक ग्रामसभा आता तेंदू व बांबूचे व्यवहार स्वतः करतात. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी पेसा क्षेत्रातील पंचायतींकडे थेट येऊ लागला. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळातही मोठ्या रकमा ग्रामपंचायतींच्या खात्यात आल्या. जिथे पैसा आला, तिथे दलालही आला. ठेकेदाराने अनामत भरली का? करारात दर गोणीमागे आहे की एकूण रकमेवर? मजुरी किती आणि गावाचा हिस्सा किती? धनादेशावर सह्या कोणाच्या? हे प्रश्न विचारता येणारी दहा माणसे गावात नसतील, तर ग्रामसभेच्या नावाने कारभार दुसराच कोणी करतो. पूर्वी जंगल साहेबाचे होते. आता ते कागदावर गावाचे आणि व्यवहारात ठेकेदाराचे होण्याचा धोका आहे.

त्यातच भाषेचा प्रश्न आहे. सूचना निघते ती ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशा कार्यालयीन मराठीत. ऐकणारी आजी बोलते माडिया किंवा गोंडी; सिरोंच्याकडे तेलुगू; चामोर्शी-मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली. मराठीवर आपले प्रेम आहे, म्हणूनच सांगितले पाहिजे की, ज्या मराठीने शेजारच्या माणसाला गप्प बसवले ती आपल्या भाषेचा गौरव वाढवत नाही. चर्चा लोकांच्या बोलीत व्हावी आणि ठराव सोप्या मराठीत लिहून तिथेच मोठ्याने वाचून दाखवावा, एवढे तर सहज होऊ शकते.

या प्रदेशाने दुसरीही एक दहशत भोगली आहे. माओवाद्यांनी निवडणुकांवर बहिष्कार पुकारले, पंचायतीत बसणाऱ्यांना धमकावले, कित्येकांचे प्राण घेतले. अनेक जागांसाठी उमेदवारी अर्जच येत नसत. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मल्लोजुला वेणुगोपाल राव उर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. बंदुकीचा धाक ओसरत असताना निर्माण होणारी पोकळी कोण भरणार, हा आजचा खरा प्रश्न आहे. ती ग्रामसभेने भरली नाही, तर ठेकेदार, दलाल आणि गावगुंड भरतील. आणि मग उद्याच्या असंतोषाला आपणच आमंत्रण दिलेले असेल.

खेड्याचे गुणगान करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत दिलेला इशाराही विसरता येणार नाही. खेडे हे संकुचितपणाचे आणि जातीय वर्चस्वाचे ठिकाण असू शकते, हे त्यांनी रोखठोक सांगितले. त्याला उत्तर भावनेने देता येणार नाही. सर्वसाधारण सभेआधी होणारी महिलांची सभा प्रत्यक्ष भरवणे, दलित वस्तीतील माणसाला खुर्चीवर बसवून त्याचे म्हणणे वहीत उतरवणे आणि भूमिया-गायत्याच्या मानासोबत तरुण मुलीच्या प्रश्नालाही मान देणे, हेच त्याचे उत्तर आहे.

तेव्हा सुशिक्षितांनी आणि कार्यकर्त्यांनी करायचे काय? गावाचा उद्धार करायला जाऊ नये. ग्रामसभेत मागच्या रांगेत बसावे. कीर्द लिहून देऊ नये. गावातल्या दहावी झालेल्या मुलामुलींना ती लिहायला व वाचायला शिकवावे. तेंदूचा करार सही होण्यापूर्वी त्याचे कलम न्‌ कलम त्यांच्या बोलीत समजावून द्यावे. सभेच्या रूढ तारखांखेरीज रोवणीनंतर आणि तेंदूच्या आधी जादा सभा बोलावण्याचा आग्रह धरावा. कायद्याची त्याला मनाई नाही. आणि कोणताही झेंडा, आपला असो वा परक्यांचा, ग्रामसभेच्या मांडवाबाहेर ठेवावा. शहरात स्थायिक झालेल्यांनी गावी गेल्यावर देवदर्शनाबरोबर एकदा ग्रामपंचायतीत जाऊन जमाखर्च मागून पाहावा. मागणारा आहे हे कळले तरी लिहिणाऱ्याचा हात सावध होतो.

राष्ट्राची उभारणी हा मोठा शब्द आहे. वनप्रदेशातील गावात त्याचा अर्थ अगदी साधा आहे: ठराव सर्वांसमोर झाला, खरा लिहिला गेला आणि पुढच्या सभेत त्याचा हिशेब दिला गेला. जे गाव आपली ठराववही स्वतः लिहिते, त्या गावाच्या जंगलावर, पाण्यावर आणि पैशावर दुसऱ्या कोणाचा हात सहजासहजी पडत नाही.