टिलर कुणी निवडायचा?

गेल्या जुलैत हुसेनसागरावर आमच्या एका नायकाची लेझर उलटली. होडी सरळ करून वर चढताना तो नेमका टिलरवर पडला आणि अ‍ॅल्युमिनियमच्या नळीला बाक आला. निवडीच्या शर्यती नऊ दिवसांवर होत्या.

ज्यांचा शिडाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. टिलर म्हणजे सुकाणूला जोडलेला मीटरभर लांबीचा दांडा. होडीला सांगायचं ते सगळं याच दांड्यातून सांगायचं, आणि पाणी काय म्हणतंय तेही यातूनच हाताला कळतं.

स्टोअरमध्ये एका मोडीत काढलेल्या होडीचा टिलर पडून होता. सेलिंगची जबाबदारी माझ्याकडे, म्हणून निर्णयही माझा. नायक बसवून बघून म्हणाला, "साब, थोडा हिलता है." मी म्हटलं, "टेप लपेट लो, चल जाएगा." वीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी कितीदा उच्चारलं असेल देव जाणे.

तो चौथा आला. निवड तिघांची होती. सगळा दोष टिलरचा असं मी म्हणणार नाही. एका शर्यतीत त्याची सुरुवातच चुकली होती, आणि पावसाळ्यात बुद्धमूर्तीच्या आसपास वारा कसा फिरतो हे तिथे शीड सोडलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण दुसऱ्या दिवशी तीच होडी मी बाहेर काढली आणि पहिल्या खुणेपर्यंत पोचायच्या आत शरमलो. सुकाणूच्या खोबणीत टिलर जेमतेम वीतभर आत असतो. तिथे मिलिमीटरभर ढिलाई असली की हाताशी ती अर्धा-पाऊण सेंटीमीटर होते. वाऱ्याचा झोत आला की आधी ती पोकळी भरायची, मग सुकाणू वळणार. तोवर उशीर झालेला असतो, म्हणून माणूस जास्त ओढतो, आणि जास्त वळलेलं सुकाणू म्हणजे ब्रेक. टेप तर भिजून कधीच सुटली होती.

म्हणून माझं मत आता पक्कं आहे: धातू की कार्बन हा दुसरा प्रश्न, खोबणीत घट्ट बसतो का हा पहिला. त्यानंतर उंची बघावी. लेझरमध्ये ट्रॅव्हलरची दोरी टिलरच्या वरून जाते. दांडा जाड आणि उंच असेल तर दोरी ताणूनही शिडाचा ब्लॉक पुरेसा बाजूला सरकत नाही. दांडा बुटका हवा, पण लवणारा नको. इथे कार्बन जिंकतो. नियमही आड येत नाहीत. या वर्गात हल, डोलकाठी, शीड ठरावीक उत्पादकांचीच लागतात, टिलरच्या साहित्यावर मात्र बंधन नाही. पूर्वी मी कार्बनला पैसेवाल्यांचा शौक म्हणायचो. ते शब्द मागे घेतो, अर्धेच. कारण दोरी घासून कार्बन झिजतो, वर पट्टी लावली नाही तर कमकुवत होतो आणि मग पूर्वसूचना न देता मोडतो. अ‍ॅल्युमिनियम निदान आधी वाकून दाखवतं. शिकाऊ मुलांच्या होड्यांना तेच बरं. (खडकवासल्याला पिकॉक बेवर आमच्या एंटरप्राइझना लाकडी टिलर होते. ढिला झाला तर सुतार पाचर मारून द्यायचा. आम्ही कॅडेट फक्त व्हार्निश लावायचो आणि कुरकुरायचो.)

खरी अडचण वेगळीच आहे. आपण सामान कागदावर निवडतो. कोटेशनमध्ये सगळे दांडे सारखेच दिसतात आणि एल-वन जिंकतो. ज्याच्या हातात तो दांडा राहणार त्याला कुणी विचारत नाही. विचारलं, तर त्याचं उत्तर ऐकत नाही. मी तर त्याने न विचारता सांगितलेलंही ऐकलं नाही.

नायकाची युनिट डिसेंबरात वर गेली. तिथलं पाणी सहा महिने गोठलेलं असतं. निघताना त्याने कडक सलाम ठोकला. टिलरचा विषय ना त्याने काढला, ना मी.

या वर्षी एक कार्बनचा टिलर मागवला. आला तेव्हा बिल बाजूला ठेवलं आणि पिशवी तशीच नव्या मुलाच्या हातात दिली. त्याने तो खोबणीत सरकवला, वर-खाली हलवून पाहिला, परत काढला आणि सँडपेपर मागितला.